००००.१२.५० म्हणजे किती? गोव्यात जमीन बघायला येणाऱ्या नवख्यांसाठी

मागच्या पावसाळ्यात दाजींचा कराडहून फोन आला. आवाजातच दिवाळी होती. "अरे, तो साळ गावचा उतारा पाठवलास ना, साडेबारा हेक्टर आहे की! आणि तो माणूस एवढ्या पैशात देतोय?"

मी उतारा परत उघडला. एकूण क्षेत्राच्या खान्यात छापलं होतं ००००.१२.५०.

"दाजी, साडेबारा हेक्टर नाही, साडेबारा आर. बाराशे पन्नास चौरस मीटर."

पलीकडे थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग, "म्हणजे गुंठे किती रे?"

मी डिचोलीत उतारे काढून देणं, नकाशे वाचून दाखवणं, दस्त टंकून देणं अशी कामं करतो. घाटावरून गोव्यात जमीन बघायला येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस मला हाच प्रश्न विचारतो, आणि मी प्रत्येकाला एकच सांगतो. गुंठ्यात विचार करणं हद्दीवरच्या पत्रादेवीच्या नाक्यावर ठेवून या. कुठलंही माप हातात आलं की आधी त्याचे चौरस मीटर करा. बेरीज, वजाबाकी, भाव, हिस्सा, सगळं चौरस मीटरमध्येच करा. घरी आईला सांगायचं असेल तेव्हा, अगदी शेवटी, गुंठे करा. गुंठ्याचा एकर, एकराचा हेक्टर, हेक्टरचे फूट अशा उड्या मारत गेलं की प्रत्येक उडीत थोडं थोडं सांडतं.

गोव्यात गुंठा का नाही, हे एकदा कळलं की त्याचा राग येत नाही. आपला गुंठा ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट. गुंटर साखळी ६६ फुटांची, हे तिच्या निम्म्याचं माप. १८३५ च्या सुमाराला इंदापुरापासून मुंबई इलाख्यात इंग्रजांची जमीन मोजणी सुरू झाली, तेव्हापासून चाळीस गुंठ्यांचा एकर आपल्या हाडीमाशी भिनला. ती मोजणी गोव्यात आलीच नाही. इथे पोर्तुगीज होते, आणि पोर्तुगालने १८५२ मध्येच मेट्रिक पद्धत स्वीकारली. मुक्तीनंतर १९६८ चा जमीन महसूल कायदा झाला आणि सत्तरच्या दशकात नवी मोजणी झाली, तीही मीटरमध्येच. त्यामुळे गोव्याच्या सरकारी कागदावर गुंठा शोधू नका. तो फक्त दलालाच्या तोंडात असतो, आणि तोही समोरचं गिऱ्हाईक महाराष्ट्राचं आहे हे ओळखल्यावर.

आधी उतारा वाचायला शिका

महाराष्ट्रात सातबारा, तसा गोव्यात नमुना १ व १४. लोक 'वन-फोर्टीन' म्हणतात. कागद इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत असतो, त्यामुळे आपल्याला सोपा. वर तालुका, गाव, सर्वे नंबर, पोटविभाग आणि शेताचं नाव. त्याखाली लागणीच्या क्षेत्राचे खाने: जिरायत, बागायत, तरी, खाजन, केर, मोरड. मग नापीक क्षेत्र, म्हणजे पोटखराब, वर्ग अ आणि वर्ग ब. सगळ्यांची बेरीज एकूण क्षेत्रात.

या प्रत्येक खान्यात आकड्याचे तीन तुकडे असतात. पहिला हेक्टर, दुसरा आर, तिसरा चौरस मीटर. मधले ठिपके हे दशांश चिन्ह नव्हे, ते नुसते कुंपण आहे. एका हेक्टरात १०० आर आणि एका आरात १०० चौरस मीटर, म्हणून मधल्या आणि शेवटच्या खान्याला प्रत्येकी दोनच अंक लागतात. यातूनच एक सोपी युक्ती निघते. ठिपके पुसून टाका, पुढची शून्यं सोडून द्या, उरलेला आकडा थेट चौरस मीटर.

००००.१२.५० चे ठिपके काढले की १२५०. ०००१.०५.७५ चे काढले की १०५७५. ००००.००.९० म्हणजे नुसते ९०, एवढ्यात एक विहीर आणि तिच्या भोवतीचा चौथरा. कॅल्क्युलेटर लागत नाही. फक्त शून्य गाळायचं ते पुढचं, मधलं नाही. ००००.०५.२५ मधून एका गृहस्थांनी मधलंही शून्य उडवलं आणि ५२५ म्हणाले, ते बरोबर निघालं. त्या जोरावर ०००१.०५.७५ चं त्यांनी १५७५ केलं. तिथे मात्र एक आख्खं भाट, म्हणजे माडांची बाग, गायब झालं.

कुठल्या खान्यात आकडा आहे तेही बघा, कारण क्षेत्र बरोबर वाचून जमीनच चुकीची घेणारे मी पाहिलेत. खाजन म्हणजे खाडीचं खारं पाणी बांध आणि मानशी (पाण्याची दारं) घालून अडवून राखलेलं भातशेत. मोरड म्हणजे उंचावरची, पावसावर पिकणारी जागा. तरी म्हणजे भाताची. २०२३ च्या कायद्यानंतर भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याच्या नावावर सहसा होत नाही, त्यामुळे तरीच्या खान्यात आकडा दिसला की मोजमापाच्या आधी वकील गाठा.

शहरात प्रकरण वेगळं. पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को इथल्या शहर मोजणीच्या भागात फॉर्म डी मिळतो. सर्वे नंबराच्या जागी चलता नंबर आणि पी. टी. शीट नंबर, आणि क्षेत्र सरळ चौरस मीटरमध्ये. तिथे ठिपके पुसायला जाऊ नका.

आणखी एक. उताऱ्यावर कब्जेदार म्हणून सात नावं असली आणि एकूण क्षेत्र १४०० असलं, तर प्रत्येकाचे २०० असा हिशेब करून एका भावाशी सौदा करू नका. आकडा आख्ख्या पोटविभागाचा आहे. हिस्से किती ते वारसाच्या कागदावरून ठरतं. इथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेले नियम अजून चालतात आणि नवऱ्याच्या मिळकतीत बायकोचा सहसा निम्मा वाटा धरला जातो. वाटणी झालेली नसेल तर त्या २०० मीटरना चतुःसीमाच नसते.

आता रूपांतर

हे आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा, पाठ नका करू. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. एक एकर म्हणजे ४० गुंठे, ४३,५६० चौरस फूट, ४०४६.८६ चौरस मीटर. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, २.४७१ एकर. एक वार, म्हणजे चौरस यार्ड, ९ चौरस फुटांचा, ०.८३६ चौरस मीटर. सावंतवाडी-दोडामार्गकडच्या जुन्या कागदात गुंठ्याखाली आणे असतात. सोळा आण्यांचा गुंठा, एक आणा म्हणजे सुमारे ६.३२ चौरस मीटर.

जागेवर उभं राहून तोंडी करायचं असेल तर माझी रीत अशी. चौरस मीटरचे फूट करताना दहापट करा आणि त्यात साडेसात टक्के मिळवा. ३०० चौरस मीटर, ३०००, वर २२५, झाले ३२२५. खरा आकडा ३२२९, म्हणजे उन्हात छत्री धरून करायच्या हिशेबाला पुरेसा. गुंठे करताना शंभराने भागा आणि शेकडा एक-सव्वा कमी करा. दाजींचे १२५० मीटर, साडेबारा, त्यातून थोडं वजा, १२.३६ गुंठे.

चूक सर्वात जास्त कुठे होते? मीटरचे फूट करताना ३.२८ ने गुणतात, हे शाळेपासून डोक्यात असतं. ते लांबीला. क्षेत्रफळाला ३.२८ दोनदा लागतो, लांबीचा एकदा आणि रुंदीचा एकदा, म्हणून १०.७६. ५०० चौरस मीटरचा प्लॉट ३.२८ ने गुणून १६४० फूट सांगणारा इंजिनिअर मला भेटलेला आहे. खरे ५३८२.

दुसरी चूक एकर-गुंठ्यांच्या लेखनाची. कुणी १-२० असं लिहिलं तर ते एक पूर्णांक दोन एकर नसून एक एकर वीस गुंठे असतं, म्हणजे दीड एकर. ६०७० चौरस मीटर. १.२ एकर धरलं तर ४८५६. मधले बाराशे मीटर नुसत्या एका आडव्या रेघेत हरवतात.

तिसरी चूक मला चूक म्हणवत नाही, कारण ती बहुतेक वेळा जाणूनबुजून केलेली असते. "एकर म्हणजे चार हजार मीटर हो, सगळे तसंच धरतात." सगळे धरत असतील, तुम्ही धरू नका. एकराला ४६.८६ मीटर कमी पडतात. मीटरला ५००० रुपये भाव असेल तर २,३४,३०० रुपये. गुंठा म्हणजे एक आर, असं म्हणणाऱ्याचंही हेच. शेकडा सव्वा टक्का दिसायला काही नाही, पण तो जमिनीच्या भावाचा सव्वा टक्का असतो.

मात्र ४००० हा आकडा गोव्यात वेगळ्या कारणाने कानावर पडेल. शेतजमिनीचे ४००० चौरस मीटरपेक्षा लहान तुकडे पाडायला नगरनियोजन खातं सहसा मान्यता देत नाही, आणि शेतात फार्महाऊस बांधायचं तरी किमान तेवढी जमीन लागते. तिथे हिशेब उलटा बसतो. कुणी "एकराला थोडं कमी, ३९ गुंठे आहे" म्हणाला तर मोजा: ३९ गुणिले १०१.१७, म्हणजे ३९४६. ५४ मीटरसाठी फार्महाऊस अडलं.

भाव फिरवताना दिशा बदलते

क्षेत्रफळ बरोबर करून लोक भावात आपटतात. मीटरमधून फुटात जाताना क्षेत्राचा आकडा फुगतो, भाव मात्र आटतो. मीटरला ५००० रुपये असेल तर फुटाला ५००० भागिले १०.७६४, म्हणजे ४६४.५१ रुपये. गुंठ्याला ५००० गुणिले १०१.१७, म्हणजे ५,०५,८५०. उलट कुणी गुंठ्याला तीन लाख सांगितलं तर मीटरला २९६५.

ताळा करायला सोपा आहे. क्षेत्र गुणिले भाव, एकदा मीटरमध्ये आणि एकदा गुंठ्यात करा. एकूण किंमत दोन्हीकडे तीच आली पाहिजे. नाही आली तर कुठेतरी भागायच्या जागी गुणलंय.

घर किंवा फ्लॅट घेणाऱ्यांना आणखी एक शब्द लागतो, एफएआर, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या मानाने किती बांधकाम करता येतं ते माप. महाराष्ट्रात एफएसआय म्हणतात तोच, पण इथे टक्क्यात लिहितात. एफएआर ८० म्हणजे ५०० मीटरच्या प्लॉटवर ४०० मीटर बांधकाम, ४३०६ फूट. ८० फूट नव्हे, ८० पटही नव्हे. रस्ता रुंदीकरणात जाणारी पट्टी आधी वजा होते.

जुना पोर्तुगीज कागद हातात आला तर

मी स्वतः तोंडावर पडलो ते इथेच, त्यामुळे जरा थांबतो. पहिल्याच वर्षी एका म्हातारबांनी लोखंडी ट्रंकेतून पोर्तुगीज नोंदणीची नक्कल काढून दिली. कागद खाकी झालेला, कडा वाळवीने कुरतडलेल्या. त्यात मला आकडा दिसला २.३४०, पुढे मीटरची खूण आणि वर बारीक दोन. सव्वादोन-अडीच चौरस मीटरची जमीन कशी असेल? म्हणून मी मनानेच ठरवलं, हे हेक्टर असणार. म्हातारबांना सांगितलं, तुमची सव्वादोन हेक्टरच्या वर आहे. ते बिचारे चहा मागवायला उठले.

पोर्तुगीज लेखनात ठिपका हजाराचा आणि स्वल्पविराम दशांशाचा. २.३४० म्हणजे दोन हजार तीनशे चाळीस. मी जमीन दसपट करून ठेवली होती. शेजारच्या नोटरीकडच्या जुन्या कारकुनाने ते दाखवून दिलं आणि वर्षभर मला 'हेक्टर' म्हणून हाक मारली. तेव्हा पोर्तुगीज कागदावर १.२५०,५० दिसलं तर साडेबाराशे आणि वर अर्धा मीटर, एवढं पक्कं धरा. त्यातच 'सेंतियार' असा शब्द आला तर घाबरू नका, आरचा शंभरावा भाग, म्हणजे आपला एक चौरस मीटरच.

त्याहूनही जुन्या लिखाणात वारा आणि ब्रासा भेटतात. पोर्तुगीज वारा १.१० मीटर लांबीचा, पाच पाल्मूंचा. दोन वाऱ्यांची एक ब्रासा, २.२० मीटर, आणि चौरस ब्रासा ४.८४ चौरस मीटर. हा वारा म्हणजे आपला कापडाचा वार समजू नका, तो ९१ सेंटिमीटरचा. आणि ही ब्रासा म्हणजे वाळू-खडीचा ब्रासही नव्हे. वाळूचा ब्रास १०० घनफुटांचा असतो. नावं सारखी, घरं वेगळी.

बऱ्याच जुन्या कागदांत तर क्षेत्रफळच नसतं. उगवतीला अमक्याचं भाट, मावळतीला ओहोळ, एवढंच. तिथे रूपांतर करायला काही नाही, चतुःसीमा आजच्या नकाशाशी जुळवत बसावं लागतं.

गावातल्या वडीलधाऱ्यांची मापं आणखी वेगळी. "हें शेत दोन खंडीचें", असं आजी सांगतात तेव्हा त्या जमीन सांगत नाहीत, धान्य सांगतात. ते माप जमिनीच्या कसाप्रमाणे, पाण्याप्रमाणे बदलतं. त्याचे चौरस मीटर करून देणारा कुणी भेटला तर नमस्कार करून पुढे चालू लागा. "शंभर माडांचं भाट" हेही तसंच. पुस्तकी अंतर साडेसात मीटर धरलं तर शंभर माडांना ५६२५ चौरस मीटर लागतात. पण पणजोबांनी माड लावताना टेप धरलेला नसतो. ऐकून घ्या, ऐकायला गोड असतं, आणि मग उतारा काढा.

जागेवर जाऊन स्वतः पडताळा

चारी बाजू मोजल्या, समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढली, दोन सरासरी गुणल्या, झालं क्षेत्रफळ, ही पद्धत गवंड्यापासून दलालापर्यंत सगळे वापरतात. ती फक्त काटकोनी चौकटीला खरी. बाकी सगळीकडे ती जमीन वाढवूनच दाखवते, कमी कधीच दाखवत नाही. विकणाऱ्याला ती का आवडते हे वेगळं सांगायला नको.

उदाहरण घ्या. बाजू क्रमाने १३, १४, २० आणि २५ मीटर. सरासरीने १६.५ गुणिले १९.५, म्हणजे ३२१.७५. आता पहिल्या दोन बाजू आणि उरलेल्या दोन बाजू ज्या कोपऱ्यांत भेटतात, ते समोरासमोरचे कोपरे जोडणारा कर्ण मोजा. समजा तो १५ मीटर भरला. जमिनीचे दोन त्रिकोण झाले, १३-१४-१५ आणि १५-२०-२५. पहिल्याच्या बाजूंची बेरीज ४२, तिचं निम्मं २१. २१ मधून एकेक बाजू वजा केली की ८, ७, ६. आता २१ गुणिले ८ गुणिले ७ गुणिले ६, म्हणजे ७०५६, त्याचं वर्गमूळ ८४. दुसरा त्रिकोण काटकोनी, २० गुणिले १५ चं निम्मं १५०. एकूण २३४. सरासरीने ८८ मीटर फुकट वाढवून दिले होते. चार बाजूंबरोबर एक कर्ण मोजायला पाच मिनिटं जास्त लागतात.

टेप आडवा धरा. गोव्यात सपाट प्लॉट नशिबाने मिळतो, बाकी सगळे डोंगराच्या कुशीत. उतारावर टेप टेकवून ३० मीटर भरले आणि त्यात सहा मीटर चढ असेल, तर नकाशावर ती बाजू २९.३९ मीटरच आहे. सरकारी क्षेत्र नेहमी आडव्या मापाचं.

मोबाइलच्या अ‍ॅपवर कोपऱ्या-कोपऱ्याने चालून मोजणाऱ्यांसाठी: माडाखाली, फणसाखाली फोन दोन-तीन मीटर सहज इकडेतिकडे होतो. २० बाय २५ चा प्लॉट २२ बाय २७ झाला की ५०० चे ५९४. दहा हेक्टरच्या काजूबागेला ठीक, घराच्या प्लॉटला नको.

मोजणी नकाशावर प्रमाण १:१००० छापलेलं असेल तर एक गंमत आहे. कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जागेवरचे दहा मीटर, म्हणजेच कागदावरचा एक चौरस सेंटिमीटर बरोबर एक आर. नकाशावर आलेखाचा पारदर्शक कागद ठेवून चौकोन मोजले की अंदाज लागतो. पण नक्कल मूळ आकाराची हवी. झेरॉक्सवाल्याने पानात बसवायला ९५ टक्के केली, तर बाजू पाच टक्के घटतात आणि क्षेत्र जवळजवळ दहा टक्के. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या नकाशावर तर पट्टी ठेवूच नका.

उतारा, जुना दस्त आणि जागेवरचं माप, या तिन्हींत थोडा फरक येतोच. फरक मोठा असेल तर भांडायला जाऊ नका. भूमापन खात्याकडे हद्द आखून मागा, पैसे भरा, शेजाऱ्यांना नोटीस जाऊ द्या, आणि मोजणीच्या दिवशी स्वतः उभे राहा. दगडाची मेर कुठे सरकली ते त्या दिवशीच कळतं.

नोंदणीला जाण्याआधी दस्तात क्षेत्र जिथे जिथे आलंय तिथे बोट ठेवून वाचा. सुरुवातीच्या मजकुरात, परिशिष्टात, सोबतच्या नकाशावर, आकड्यात आणि अक्षरात. आणि टंकणाऱ्याला सांगा, ००००.१२.५० असं नको, "१२५० चौरस मीटर, अक्षरी एक हजार दोनशे पन्नास" असं लिही. दाजींच्या दस्तात मी तसंच टंकलं, कंसात १२.३६ गुंठेही घातले. त्यांनी सही केली आणि कंसातलं तेवढं मोठ्याने वाचून दाखवलं.